यादीबाहेरचं पान

सोमवार, २ फेब्रुवारी

मुलीनं दिलेली ही वही तीन वर्षं कपाटात पडून होती. "बाबा, आता निवृत्त झालात, रोज काहीतरी लिहा," म्हणाली होती. रोज लिहिण्यासारखं घडलं तर ना! सकाळी फिरणं, दुपारी झोप, संध्याकाळी रेडिओच्या आवाजावरून बायकोशी भांडण. एवढ्यासाठी चांगली वही कशाला नासवायची?

आज मात्र घडलं. अंधशाळेतल्या बाई घरी आल्या. पांढऱ्या काठीनं उंबरा चाचपला, आत आल्या, नाक वर करून म्हणाल्या, "ग्रीसचा वास येतोय. म्हणजे घर बरोबर आहे."

ही म्हणाली, "तीस वर्षं धुतेय यांचे कपडे, तरी जात नाही."

बाईंचं काम असं. शाळेत ब्रेलची टंकयंत्रं आहेत सव्वीस. सहा कळा, कळ दाबली की खालून टाचणी वर येते आणि कागदावर ठिपका उठतो, ती जुनी लोखंडी यंत्रं. त्यांतली चार चालतात, बावीस अडगळीच्या खोलीत. बनवणाऱ्या कंपनीनं दुरुस्ती बंद केली. वरच्या वर्गांना विजेवरची नवी यंत्रं आली, पण लहान पोरं अजून याच कळांवर अक्षरं शिकतात. चार यंत्रं, चाळीस पोरं. "एक लिहितं आणि नऊ जणं हात चोळत बसतात," बाई म्हणाल्या.

शाळेच्या विश्वस्तांनी ठरवलंय की एकतीस मार्चला बावीसच्या बावीस भंगारात. बाई खूप भांडल्या, तेव्हा एक सवलत मिळाली. त्या तारखेपर्यंत दहा यंत्रं चालती करून दाखवा, आणि दुरुस्ती कशी करायची ते नीट लिहून ठेवा, म्हणजे पुढं कुणा एकावर अडायला नको. मग बाकीचीही ठेवू.

त्याच कंपनीत ही यंत्रं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. मी लगेच बाह्या सरसावल्या. "बाई, मी करतो!"

बाई म्हणाल्या, "काका, तुमचा हात थरथरतोय. कपबशी वाजतेय मघापासून."

मी कप खाली ठेवला. कपाचा कानच सैल आहे, असं सांगणार होतो.

"तुम्ही करू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा. आम्ही करू."

गुरुवार, ५ फेब्रुवारी

मुलगी आली होती. तिच्या ऑफिसात हेच काम चालतं, कुठलं यंत्र कसं वापरावं याच्या वेबसाइट बनवायच्या. तिनं दोन तासांत आमच्या यंत्राची वेबसाइट उभी केली. डावीकडं सगळ्या पानांची यादी, उजवीकडं मजकूर, खाली एक चौकट: "या पानात काही चुकलंय का? आम्हाला कळवा."

मी म्हटलं, "चुकलंच तर तुझ्या आईला आधी कळतं. चौकट कशाला?"

मी एका बोटानं टाइप करतो. मुलीला ते बघवेना म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली. परत आल्यावर मी तिला माझी अडचण सांगितली. मला आधी कच्चं लिहायची सवय. कच्चं लोकांच्या नजरेला पडलं की मला लाज वाटते.

"मग ते पान यादीबाहेर ठेवा," ती म्हणाली. तिनं कुठंशी एक खूण केली आणि डावीकडच्या यादीतून पान गेलं. शोधलं तरी सापडेना. पण त्याचा पत्ता टाकला की हजर. "हा पत्ता जपून ठेवा. पान तयार झालं की यादीत घेऊ."

मला हे फार आवडलं. टेबलाच्या खणासारखं झालं. खण आपला, किल्ली आपली.

शुद्धलेखनासाठी हिलाही पत्ते पाठवायला सांगितले. हिचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं. आज गुरुवार, म्हणून ही वाचनालयात गेली होती. आताच पुस्तक घेऊन परतली.

मंगळवार, १० फेब्रुवारी

चार पानं झाली. यंत्र उघडणं, जुनं ग्रीस काढणं, कळा, स्प्रिंग. मुलीनं मोबाइलवर छान फोटो काढून दिले. मी ऐटीत बाईंना पत्ता पाठवला. त्यांचा मोबाइल पान वाचून दाखवतो.

संध्याकाळी त्यांचा फोन. "काका, पहिलीच ओळ: 'चित्रात दाखवल्याप्रमाणे झाकण काढा.' "

"हो, अगदी स्पष्ट फोटो आहे!"

"असेल. मी बघू कशानं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आंधळ्यांच्या यंत्राची माहिती आणि 'चित्रात पाहा'! बाई मात्र हसत होत्या. "लाजू नका. आमच्या शाळेच्या दारावर 'पायरी आहे, बघून चाला' अशी पाटी आहे."

आता सगळं पुन्हा. 'लाल वॉशर' असं लिहून उपयोग नाही, 'कडेला खाच असलेला वॉशर' लिहायला हवं. डोळे मिटून यंत्रावरून हात फिरवत बसलो. तीस वर्षांत मला माहीत नव्हतं की झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात बोटाला लागेल असा एक उंचवटा आहे.

शनिवार, १४ फेब्रुवारी

धडाची सगळी पानं यादीत गेली. बाई आणि आणखी दोन शिक्षक मिळून यंत्रं उघडताहेत. बावीसपैकी सहा धडं कालपर्यंत स्वच्छ झाली. मी रोज दुपारी शाळेत जाऊन बसतो आणि हात मांडीखाली ठेवतो, नाहीतर ते आपणहून पाना उचलतात.

आता डोक्याचं काम. आणि इथंच घोडं अडलंय.

धड आणि डोकं हे आमचे कारखान्यातले शब्द. धड म्हणजे कळा, दांड्या, स्प्रिंग. डोकं म्हणजे ज्यात सहा टाचण्या बसवलेल्या असतात ती पेटी. धड माझ्याकडं, डोकं माझ्या जोडीदाराकडं. तो आधी घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून मी त्याला घड्याळजी म्हणायचो. तो मला पानाजी. माझ्या हातात सतत पाना म्हणून. अठरा वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. त्याच्या बाजूला काय चालतं ते मी कधी वाकून बघितलं नाही. आमचा तसा रिवाजच होता. त्याचं त्याला, माझं मला. एवढं आठवतं की त्याच्या वरच्या खिशात कायम एक कोरं पोस्टकार्ड असायचं. पत्र म्हणून ते कधी कुणाला गेलं नाही.

हे मी हिला सांगत होतो. ही म्हणाली, "म्हणजे धड तुमचं आणि डोकं त्यांचं, हे आज तुम्ही स्वतःच्या तोंडानं कबूल केलंत."

"अगं, यंत्राचं!"

"मी कुठं काय म्हटलं?"

मग जरा वेळानं भाजी निवडत, वर न बघता म्हणाली, "त्यांनाच विचारा की."

मी रेडिओ मोठा केला. बारा वर्षं झाली त्याच्याशी शब्द नाही. आता डोक्यासाठी जाऊ?

बुधवार, १८ फेब्रुवारी

स्वतःच एक डोकं खोललं. सकाळी नऊपासून चारपर्यंत. टाचण्या एकेक करून सारख्या उंचीच्या केल्या, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. कागद घातला, कळा दाबल्या. मधल्या दोन टाचण्यांनी कागद फाडला. पुन्हा केलं, तर त्या दोन उठेचनात. चौथ्या खेपेला छोटा नट हातातून निसटला आणि शोधायला हिला गुडघ्यांवर बसावं लागलं. नट फार गुळगुळीत होता.

शेवटी 'डोकं' नावाचं पान काढलं, यादीबाहेर. जे येतं ते लिहिलं आणि खाली लिहिलं, "पुढचं मला येत नाही." मग एक सावधगिरीची सूचना लिहायची राहिली होती, ती लिहायला घेतली आणि बोट थांबेना. खण बंद आहे, मग भीती कसली? जसं लिहिलं तसं इथं उतरवतो:

"सावधान. कळांचा आवाज कमी करायला दांडीखाली जादा वॉशर घालू नका. कळ पूर्ण खाली जात नाही, टाचणी कमी उठते आणि ठिपका पुसट येतो. दोष डोक्याचा वाटतो, पण तो धडाचा असतो. ही चूक मी केली आहे. एका शाळेची चाळीस यंत्रं पुसट ठिपक्यांसाठी परत आली. मी दांड्यांखाली चामड्याचे दोन-दोन वॉशर घातले होते. मला वाटलं, डोक्याचंच बिघडलं. जोडीदाराला जाड चष्मा लागला होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, डोळे चालत नसतील तर काम सोड. त्यानं सोडलं. चार महिन्यांनी एक यंत्र माझ्याकडं आलं तेव्हा मला वॉशर दिसले. मी ते काढून टाकले आणि कुणाला सांगितलं नाही."

लिहून झाल्यावर हलकं वाटलं. शुद्धलेखन तपासायला हिच्याकडं दिलं. हिनं दोनदा वाचलं. एरवी दहा चुका काढते, आज एकही काढली नाही. चहा मात्र न मागता आणून दिला.

रविवार, २२ फेब्रुवारी

अजब झालं. 'डोकं' पानाच्या खालच्या चौकटीतून निरोप आला. नाव नाही. एवढंच:

"टाचणीवरची फट पट्टीनं मोजू नका. कोऱ्या पोस्टकार्डाची कड घाला. अडकली पाहिजे, चिकटता कामा नये. एक-दोन-तीन असं जाऊ नका. आधी चार कोपरे, मग मधले दोन."

मुलीला फोन केला. "अगं, बंद खणात कुणाचा हात गेला?"

ती म्हणाली, "बंद कुठं आहे बाबा? यादीबाहेर म्हणजे कुलूपबंद नव्हे. यादीत दिसत नाही इतकंच. ज्याच्याकडं लिंक आहे त्याला पान उघडतं."

ते चामड्याचे वॉशर! "लिंक कुणाकुणाकडं आहे?"

"तुमच्याकडं, माझ्याकडं, आईकडं. आणि तुम्ही कुणाला दिली असेल तर."

मी कुणालाच दिलेली नाही. हिला विचारलं. ही म्हणाली, "मला मेलीला काय कळतंय त्यातलं?" आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली. कुकर गॅसवर होता का, ते आता आठवत नाही.

मुलीच्या ऑफिसातलाच कुणी असणार. पोस्टकार्डाचं वाचून क्षणभर मनात आलं. पण छे! घड्याळजी कॉम्प्युटरला हात लावणारा माणूस नव्हे, त्याला साध्या फोनचा तिटकारा. आणि पोस्टकार्डाची युक्ती कंपनीत आणखी कुणाला माहीत असेलच.

सोमवार, २३ फेब्रुवारी

पोस्टकार्ड मिळवायला तीन दुकानं हिंडलो. आधी चार कोपरे, मग मधले दोन. कागद फाटला नाही! सहाच्या सहा ठिपके उठले. दोन जरा कमी, पण उठले. मी एकटाच टाळ्या वाजवल्या. वाळत घातलेले कपडे काढता काढता हीही डोळे पुसत होती. कपड्यांची धूळ जाते तिच्या डोळ्यांत.

दुपारी दुसरा निरोप. "उंची बघून ठरवू नका. कागदावर बोट ठेवा, कळ दाबा, डोळे मिटा."

ऑफिसातला हा मुलगा चेष्टा करतोय की काय? बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "यात अवघड काय आहे? माझे तर जन्मापासून मिटलेलेच आहेत."

आता खरं काय ते लिहितो. काम पुढं सरकलं, पण वॉशरची गोष्ट परक्यानं वाचली हे मला टोचत राहिलं. बाईंना पान द्यायची वेळ आली तेव्हा मी ती 'सावधान'ची सगळी सूचना पुसली. वॉशर, चष्मा, चार महिने, सगळं. मग पत्ता पाठवला. पान आटोपशीर झालं.

गुरुवार, ५ मार्च

दहा दिवसांत एकही निरोप नाही. मी पानाखाली रोज प्रश्न लिहितो, "नट घट्ट केला की टाचणी हलते. काय करावं?" उत्तर नाही. ऑफिसातला मुलगा रजेवर गेला असेल. मुलगी म्हणते, आमच्याकडं असा कुणी मुलगाच नाही. तिला सगळ्यांची माहिती थोडीच असणार.

ही पण घुश्शात आहे. परवा विचारलं, "माझं काही चुकलं का?" तर म्हणाली, "चुकलेलं पुसता येतं की तुम्हाला." आज वाचनालयात जाऊन आली तरी चेहरा तसाच. गंमत म्हणजे, सलग पाचव्या गुरुवारी तेच पुस्तक घेऊन आली. मी म्हटलं, एवढं आवडलं? तर पुस्तक माझ्याकडं पाठ करून ठेवलं.

गुरुवार, १२ मार्च

शाळेतून बाईंचा फोन, आवाज पडलेला. "काका, पाच यंत्रं जोडली. पाचही पुसट. पोरांना अक्षर लागत नाही. डोकी तुमच्या पानाप्रमाणे तीन-तीनदा बसवली. आता एकोणीस दिवस राहिलेत. तुम्ही खरं सांगा, हे आमच्यानं होणार आहे का?"

धावत गेलो. म्हणजे रिक्षानं. पहिलं यंत्र उपडं केलं आणि दांडीखाली बोट घातलं. वॉशरवर वॉशर.

"बाई, हे जादाचे कुणी घातले?"

"मी," त्या म्हणाल्या. "फार खडखडत होती. लहान पोरं दचकतात, म्हणून घातले. का? नको होते का? तुमच्या पानात तसं काही नाही."

नव्हतंच. मीच पुसलं होतं.

खाली बसलो. पाच यंत्रं, तीन माणसांचे सतरा दिवस, आणि ही बाई स्वतःच्या बोटांना दोष देत बसलेली. बारा वर्षांपूर्वी समोरच्या माणसाचे डोळे होते, आज बोटं. मी दोन्ही वेळा गप्प.

मी त्यांना तिथंच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मग आता? तुमच्या तोंडचं मी विसरून जाईन. लिहिलेलं राहील."

घरी येऊन हात न धुता बसलो. दीड तास लागला, मजकूर आधीच्यापेक्षा मोठा झाला. शेवटी लिहिलं, "बारा वर्षांत हे मी त्याला सांगायला गेलो नाही, कारण मला लाज वाटत होती. पान उघडं आहे हे मला आता माहीत आहे. माहीत असून लिहितो आहे."

हिला वाचायला दिलं. "या वेळी पुसणार नाही ना?" एवढंच तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. मग ती चपला घालून बाहेर पडली. म्हटलं, आताच तर वाचनालयातून आलीस? तर म्हणे, पुस्तक विसरलं.

शुक्रवार, १३ मार्च

काही नाही.

सोमवार, १६ मार्च

सकाळी साडेदहाला निरोप आला. तो चष्मा काढून, चष्मा लावून आणि मोठ्यानं असा तीनदा वाचला.

"पानाजी, नटाचं लिहून समजणार नाही. परवा शाळेत येतो. तुम्ही फक्त पाना घेऊन बसा. डोक्याला हात लावू नका."

जगात मला पानाजी म्हणणारं एकच माणूस आहे.

मी हिला हाक मारली. ही दारातच उभी होती. "अगं, हा तो आहे! पहिल्यापासून तोच होता!"

"अगंबाई, खरंच?" ही म्हणाली.

बुधवार, १८ मार्च

एक तास आधीच जाऊन बसलो. केस विंचरले होते. ही म्हणाली होती, मुलगी बघायला चाललात का.

तो बायकोचा हात धरून आला. मला आधी वाटलं, म्हातारपण. मग दिसलं की तो पायरी पायानं शोधतोय. डोळे उघडे होते, पण माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होते. तीन वर्षं झाली म्हणे, पार गेले. मोबाइल त्याला सगळं वाचून दाखवतो आणि तो बोलेल ते लिहितो. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी उभाच राहिलो.

तो म्हणाला, "ग्रीसचा वास येतोय. पानाजी इथंच कुठंतरी आहे."

"इथंच आहे," मी म्हणालो.

"मग बसा की. का मी पुन्हा काम सोडू?"

मी तोंड उघडलं तर त्यानं हात वर केला. "वाचलंय मी. आता यंत्र आणा."

बाई त्याच्या शेजारी बसल्या. नट घट्ट करताना टाचणी केसभर वर सरकते, म्हणून आधी केसभर कमी ठेवायची. पण केसभर म्हणजे किती, हे त्याला सांगता येईना. "हाताला कळतं," एवढंच म्हणत राहिला. मग बाईंनी आपलं बोट त्याच्या बोटाखाली ठेवलं, कागदावर. तो कळ दाबी, त्या थांबवत, पुन्हा दाबायला लावत. पंधरा-वीस वेळा. मी टेबलाच्या माझ्या बाजूला पाना धरून बसलो होतो, आणि जन्मात पहिल्यांदा वाकून त्याच्या बाजूला काय चालतं ते बघितलं.

एकदम बाई म्हणाल्या, "लिहून घ्या काका! 'नट घट्ट करण्याआधी ठिपका बोटाला शोधावा लागेल. घट्ट केल्यावर ठिपका आपणहून बोटाला भेटेल.' "

घड्याळजीनं कागदावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "अठरा वर्षं मी हेच करत होतो. मला का नाही सुचलं?"

"तुम्ही तेव्हा बघत होतात ना," बाई म्हणाल्या.

बुधवार, २५ मार्च

आठ यंत्रं. लिहायला वेळ नाही. घड्याळजी रोज येतो. माझ्या हातून नट पडला की म्हणतो, "पडला? डावीकडं गेलाय, आवाजावरून." आणि तो डावीकडंच असतो. माझा हात कापतो हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ऐकू येतं मला." मग आम्ही वाटणी केली. तो जुळवतो, मी धरून ठेवतो, बाई घट्ट करतात.

मंगळवार, ३१ मार्च

अकरा! दहा मागितली होती, अकरा दिली.

विश्वस्त आले, तिघं. एकानं विचारलं, दुरुस्ती कुणी केली? बाईंनी दोन शिक्षकांना उभं केलं. त्यानं पुन्हा विचारलं, "नाही, म्हणजे मेकॅनिक कोण?" बाई म्हणाल्या, "सांगितलं की." मग त्यांच्यासमोर एका शिक्षकानं वेबसाइट उघडली, मोबाइल एकेक ओळ वाचत गेला आणि तो बारावं डोकं खोलून बसवत गेला. पन्नास मिनिटं लागली. विश्वस्त पहिल्या दहा मिनिटांत घड्याळ बघत होते, नंतर खुर्च्या पुढं ओढून बसले. शेवटी पहिलीतली एक मुलगी आली, यंत्रावर काहीतरी खडखड लिहिलं आणि कागद घड्याळजीच्या हातात दिला. तो अजून ब्रेल शिकतोय. बोटानं हळूहळू वाचलं, "आता... माझी... पाळी." सगळ्यांना वाटलं, तो स्वतःचीच पाळी सांगतोय. ती म्हणाली, "नाही, तेच लिहिलंय. रोज म्हणते ना मी, तेच."

बाकीची दहाही यंत्रं राहणार. भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं.

संध्याकाळी मुलीनं डोक्याची चार नवी पानं यादीत घेतली. डावीकडं एकाखाली एक दिसायला लागली. वॉशरची सूचना त्यांत आहे, मोठ्या अक्षरात, सगळ्यांसाठी. फक्त सूचना.

गुरुवार, २ एप्रिल

मुलगी विचारत होती, "बाबा, ते यादीबाहेरचं जुनं पान आता काढून टाकू? त्यातलं कामाचं सगळं नव्या पानांत आलंय."

मी म्हटलं, त्याला विचारून सांगतो. फोन लावला. त्याला फोनचा तिटकारा नाही. मीच बारा वर्षं तसं धरून चाललो होतो.

"राहू दे," तो म्हणाला. "यादीत नको. लोकांना काय करायचंय? पत्ता आहे माझ्याकडं."

"कुणी दिला पत्ता तुला?" हे विचारायचं किती दिवस मनात होतं. तो नुसता हसला. मुलीनंच दिला असणार, तिचा घड्याळकाका तिला फार लाडका. ही वाचनालयात जायला निघाली होती, दारात थांबून ऐकत होती. आज हातात दोन डबे होते. वाचनालयात डबे कशाला, विचारणार होतो, तेवढ्यात फोनमधून घड्याळजी म्हणाला:

"पण त्या पानात एक चूक आहे. मी चौकटीत लिहिली नाही, म्हटलं तोंडी सांगू."

"कुठली?"

"चामड्याचे दोन वॉशर लिहिलेत. दोन नव्हते. तीन होते. मी मोजले होते."

"तू मोजले होतेस? म्हणजे तुला तेव्हाच..."

"तेव्हाच. वाट बघत होतो, तुला कधी दिसतात. चल, ठेवतो. वहिनी येतील इतक्यात."

वहिनी कोण, हेही विचारायचं राहिलं.

ही गेल्यावर कॉम्प्युटर लावला, पत्ता टाकला, पान उघडलं. आज दिवसभरात एवढंच काम केलं. दोनचे तीन केले.